पाव टक्का

तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या या पोस्टात
एकोणीस वर्षं मी बचतखात्याच्या खिडकीत बसतोय.
एक महिना आड, पंधरा तारखेला, पेन्शनच्या दिवशी
कुवाबारासान यायच्या.
दारात बूट आपटून बर्फ झाडायच्या, पासबुक सरकवायच्या.
एप्रिलात यंत्र जरा जास्त कुरकुरायचं आणि छापायचं:
व्याज, अकरा येन.
"यात मुळ्याचं पान तरी येईल का हो?"
"पान नाही. पानाला लागलेली माती येईल."
दोघंही हसायचो.
तेवढं हसणं हेच तेव्हा व्याज.

मग नवरा गेला.
जन्मभर खेकड्यांच्या बोटीवर काढलेला माणूस,
त्याला समुद्रानं नाही, साध्या न्यूमोनियानं नेला.
विम्याचे पैसे आले, ते त्यांनी
माझ्या खिडकीत आणले नाहीत.

रात्री जेवणाचं टेबल पुसून झालं
की त्या पेसो घ्यायच्या. मेक्सिकोचे.
मेक्सिको कुठे आहे ते
नातवाच्या शाळेच्या नकाशात बोटानं शोधलं होतं.
तिथल्या बँकेच्या बैठकीची तारीख
भिंतीवरच्या कॅलेंडरात, दंतवैद्याच्या तारखेशेजारी.
इथलं पातळ व्याज, तिथलं दाट व्याज,
एका येनच्या खांद्यावर पंचवीस येन उभे,
आणि मधला फरक झोपेत जमा.
तिकिटं घ्यायला आल्या की सांगायच्या,
"मी काही करत नाही, इनागाकीसान.
दोन देशांच्या मध्ये बसून राहते, एवढंच."

शितावरून भाताची परीक्षा त्यांना जमायची.
भाषणात कुणी 'योग्य वेळी' म्हणालं, तर अजून सहा महिने.
'लवकरच' म्हणालं, तर तीन.
मक्यावरचा कर, तेलाचं पिंप, परक्या देशातली निवडणूक:
सगळं त्या कागदाच्या एका चिठोऱ्यावर लिहायच्या,
मागच्या बाजूला सोयाबीनची पेस्ट, टोफू, दिव्याचा बल्ब.

जानेवारीतला शुक्रवार.
टोकियोत नऊ माणसं एका टेबलाभोवती,
आणि जेवणाची वेळ टळली तरी बातमी येईना.
पोस्टातला टीव्ही मुका ठेवलेला असतो.
मुक्या टीव्हीनंच सांगितलं:
पाव टक्का.

इतका लहान आकडा
की पावशेर साखर त्याहून जड.
त्याच रात्री अमेरिकेतून नोकऱ्यांचे आकडे आले,
कुठल्याशा सामुद्रधुनीत कुणी एक जहाज अडवलं,
आणि येन, तीस वर्षं उताणा पडलेला येन,
उठून बसला.
पहाटे पावणेतीनला फोन थरथरला.
कंपनीनं विचारलं नाही. विकून टाकलं.

सकाळी तज्ज्ञ आले, टाय नीट करून.
एक म्हणाला जहाज, एक म्हणाला नोकऱ्या,
तिसऱ्याला हे आधीच माहीत होतं.
माझ्या खिडकीतून कुवाबारासानचं काकीचं झाड दिसतं.
शेंड्यावरचं एक फळ पाखरांसाठी ठेवायची इथली रीत.
त्यावर कावळा येऊन बसला,
बर्फानं वाकलेली फांदी मोडली.
आता कावळ्याला विचारा.

फेब्रुवारीत त्या आल्या, बोलल्या नाहीत.
बूटही आपटले नाहीत,
फरशीवर पाण्याचं तळं झालं, ते मी पुसलं.

एप्रिलात पासबुक सरकवलं.
खात्यात नेहमीचेच पैसे, पेन्शनीतून उरलेले.
यंत्र कुरकुरलं:
व्याज, एकशे चार येन.
त्या आकड्याकडे त्यांनी चष्मा काढून पाहिलं,
मग चष्मा घालून.
"हा तोच का?" त्यांनी विचारलं. "तो पाव टक्का?"
मी म्हणालो, तोच.
"मग आता मुळा येईल."
मी काही बोललो नाही.
मुळा आता दोनशे साठ झालाय हे त्यांना माहीत होतं,
मलाही. आणि माझ्या खिशात
घराच्या कर्जाचा हप्ता वाढल्याचं पत्र होतं,
चार घड्या घालून, जणू तेवढ्यानं लहान होईल.

जाताना दारात थांबल्या.
"पुढची बैठक कधी आहे हो?"
मी कॅलेंडरचं पान उलटलं
आणि नको तितका वेळ शोधत राहिलो.